नावानं दिलेल्या शेणी

शनिवार, ७ फेब्रुवारी २००४

साखर कारखान्याची डायरी आज आली. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येते, यंदा उशीर झाला. पहिल्या पानावर यांचं नाव टाइप करून चिकटवलं आहे. यादीतून नाव काढायचं कुणाच्या लक्षात आलं नसावं. शिपाई दारात अवघडून उभा होता. म्हणाला, ठेवू का परत नेऊ, वहिनी? मी ठेवून घेतली.

कोरी वही वाया जायला नको म्हणून लिहिते आहे. हे रोज चार ओळी लिहीत. पाऊस, उसाचा उतारा, कोण भेटलं. मला तेवढंही लिहिण्यासारखं काही नसतं. शाळेत गणित शिकवते, घरी येते. घरी मी आणि आक्का. आक्का म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. सप्टेंबरात हे गेले तेव्हा कागलहून आल्या, त्या राहिल्याच. जयसिंग पुण्याला नोकरीला आहे, रविवारी फोन करतो. जेवलीस का विचारतो. मी हो म्हणते.

सोमवार, ९ फेब्रुवारी

मुख्याध्यापकांनी ऑफिसात बोलावलं. नववीच्या मुलांनी अर्ज दिला आहे. होळीला प्रत्येक गल्लीत ढीगभर शेणी जळतात, त्यातल्या थोड्या आपण घरोघर मागून आणू आणि पंचगंगेवरच्या स्मशानभूमीला देऊ, असा. गावातल्या काही संस्था हे करतात, आपल्या शाळेनंही करावं. खाली चौदा सह्या, अकरा मुली आणि तीन मुलगे. सर मूळचे सोलापूरचे, ते शेणींना गोवऱ्या म्हणतात. म्हणाले, गोवऱ्या गोळा करायला माझी ना नाही, पण मुलींना स्मशानात न्यायचं म्हणजे उद्या पालक माझ्या दारात.

शेवटी दोन अटींवर हो म्हणाले. प्रत्येकीच्या घरून चिठ्ठी हवी, आणि शेणी आत नेऊन रचून होईपर्यंत एक शिक्षिका बरोबर हवी. दोन्ही जमलं नाही तर तीन मुलगे आणि शिपाई जाऊन देऊन येतील, मुलींनी गोळा करण्यापुरतंच. बाकीच्या बाई दहावीच्या परीक्षेच्या कामात आहेत. "तुम्हाला जमेल का?" असं विचारताना ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते.

मी म्हटलं, गोळा करायचं बघते. आत जायचं नंतर सांगते.

मी कधी आत गेलेले नाही. काही घरांतल्या बायका जातात. आमच्या भावकीत जात नाहीत, अग्नी द्यायच्या वेळीही नाही आणि तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनालाही नाही. यांना नेलं तेव्हा शववाहिकेचं मागचं दार लावलेलं मी उंबऱ्यातून पाहिलं. तेवढंच.

बुधवार, ११ फेब्रुवारी

मधल्या सुट्टीत मुलांना बोलावलं. अर्ज संघप्रिया कांबळेनं लिहिला आहे. गणितात हुशार आहे पण मधल्या पायऱ्या गाळते, विचारलं तर म्हणते, दिसतंय की बाई. इथल्या मुली बोलताना 'मी जातो, मी येतो' म्हणतात. पूर्वी मी दुरुस्त करायचे, आता सोडून दिलं आहे.

हे काम का सुचलं, असं विचारलं. तिनं सांगितलं की तिचे आजोबा गेले तेव्हा जुलैचा पाऊस होता. घरात वाळकी काडी नव्हती. तिथं मात्र कोरड्या शेणी रचून ठेवलेल्या होत्या. कुणी दिल्या होत्या ते माहीत नाही, पण दिल्या होत्या म्हणून आजोबांचं नीट झालं.

मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं हे?

"सांगाय कशाला पायजे? मी गेलतो की आत. आमच्यात बायकाबी जातात. भ्यायसारखं काय न्हाय बाई तिथं."

तिची मैत्रीण पवित्रा शेजारी होती. ती म्हणाली, आमच्यात पुरतात, पण म्हणून शेणी उचलायला काय झालं? बाकीच्या हसल्या.

आत काय काय असतं, हे विचारावं असं वाटलं होतं. पण घंटा झाली.

रविवार, १५ फेब्रुवारी

पहिला दिवस वाया गेला. मुली दोघीदोघी करून पोती घेऊन निघाल्या, मी गल्लीच्या तोंडाशी उभी. प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणत होत्या, "स्मशानासाठी शेणी द्या." दार लागायचं. एका घरातल्या बाईनं तर त्या वळल्याबरोबर उंबऱ्यावर पाणी शिंपडलं. पवित्राला रडू आलं. तीन तासांत अर्धं पोतं.

शेवटचं घर अंबूबाईंचं. त्यांच्या आठ म्हशी आहेत, परड्यातल्या भिंतीवर वरपर्यंत शेणी थापलेल्या. त्या दूध काढत होत्या. मुलींचं ऐकून घेतलं आणि मान वर न करता झापलं.

"सणाच्या तोंडावर दारात हुभं ऱ्हाऊन मसणाचं नाव काढतासा व्हय गं? कोण दील तुमास्नी? आसं न्हाय मागायचं. पयलं विचारायचं, तुमच्या घरातलं कोण गेलंय? त्येंच्या नावानं पाच शेणी द्या म्हणावं. माणूस न्हाय म्हणत न्हाय मग."

मग हात धुऊन आल्या, आपल्या सासूच्या नावानं पाच दिल्या, दिराच्या नावानं पाच, आणि थोडा विचार करून एका म्हशीच्याही नावानं पाच. संघप्रियानं गंभीरपणे विचारलं, म्हशीचं नाव काय लिहू? "लिवा, चंद्री," अंबूबाई म्हणाल्या. "माणसापरीस बरी हुती."

परत येताना पवित्रा हसत होती.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

अंबूबाईंची युक्ती लागू पडली. म्हणजे युक्ती म्हणू नये. मुली विचारतात, तुमच्या घरातलं कोण गेलंय, आणि बायका पाट देतात बसायला. एकेका घरात अर्धा अर्धा तास जातो. संघप्रियानं दोनशेपानी वही केली आहे. कुणाच्या नावानं, कुणी दिल्या, किती. नावापुढे लोक काय काय सांगतात तेही ती लिहून घेते. 'आवाज मोठा होता.' 'भाकरी कडक लागायची.' 'लग्न ठरलं होतं.' मी म्हटलं, एवढं कशाला लिहितेस, नाव आणि संख्या पुरे. ती म्हणाली, सांगत्यात तर लिवतो.

शेणी शाळेच्या मागच्या बाजूला सायकलींच्या शेडमध्ये रचतो आहोत.

रविवार, २२ फेब्रुवारी

आज मी अंबूबाईंकडे गेले आणि पाच शेणी मागून घेतल्या. त्यांनी निवडून निवडून वाळलेल्या दिल्या. काही विचारलं नाही. पिशवीत घालून शाळेत आणल्या.

संघप्रियानं वही उघडली. "कुणाच्या नावानं, बाई?"

मी म्हटलं, जागा सोड, नंतर सांगते.

नाव घ्यायची सवय नाही. अठ्ठावीस वर्षांत उखाण्याशिवाय घेतलं नाही. रेशनकार्डावर, बँकेत लिहून दिलं आहे, तोंडानं म्हटलेलं नाही. ते गेल्यावर सवय बदलायला हवी होती का, माहीत नाही. तिनं 'चौगुले बाई, पाच' एवढं लिहून मधली ओळ कोरी ठेवली आणि वही मिटली.

रविवार, २९ फेब्रुवारी

चिठ्ठ्या आल्या. अकरापैकी नऊ मुलींच्या घरून होकार. एकीच्या वडिलांनी लिहिलं आहे, 'चौगुले बाई बरोबर असतील तर हरकत नाही.' तसंच आणखी तिघांनी. माझ्या नावावर सही करण्याआधी कुणी मला विचारलं नाही.

शुक्रवारी सरांनी पुन्हा विचारलं होतं. मी म्हटलं, बघते. स्मशानाकडच्या नदीघाटाच्या रस्त्यानं मी हल्ली जातच नाही, रिक्षावाल्याला लांबून घ्यायला सांगते. तो रस्ता खराब आहे.

आक्कांच्या कानावर घातलं. त्या तांदूळ निवडत होत्या. 

"वरीस व्हायचं हाय अजून. आपल्यात बायका जात न्हाईत तिकडं, तुला ठाऊक हाय. त्येला आता पोरींचं निमित्त कशाला?"

मी म्हटलं, निमित्त नाही, शाळेचं काम आहे. त्या म्हणाल्या, मग शाळंला दुसरं कोण घावंना व्हय? मी उठून कुकर लावला.

जयसिंगचा फोन आला. त्याला सांगितलं. तो म्हणाला, आई, कशाला तिकडं. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यानं जेवलीस का विचारलं नाही.

शुक्रवार, ५ मार्च

शेड भरली. पृथ्वीराज नावाचा नववीतला एक मुलगा आहे, तालमीत जातो, सह्या करणाऱ्यांत नव्हता. तो रोज शेडजवळ येऊन बघून जायचा. आज म्हणाला, बाई, लई झाल्या की हो! मला वाटलं, त्यालाही कौतुक आहे.

रविवारी सकाळी आठला ट्रॅक्टर येणार आहे. सरांनी दुपारी तिसऱ्यांदा विचारलं. मी काही बोलले नाही. ते म्हणाले, ठीक आहे, मी समजू शकतो, शिपायाला सांगतो.

मुलींना हे मीच सांगायला हवं होतं. सांगितलं. पवित्रा खाली बघत राहिली. संघप्रिया म्हणाली, "मग आमी गोळा कशाला केलं, बाई? मागाय आमी आणि द्यायला दुसरं?" मी म्हटलं, सरांचा निर्णय आहे.

तो सरांचा निर्णय नव्हता.

शनिवार, ६ मार्च, होळी

सकाळी शाळेत गेले तर शेड रिकामी. चार तुकडे आणि भुसा. शिपायानं कपाळाला हात लावला, म्हणाला, होळीची पोरं. मलाही कळायला हवं होतं. होळीच्या आधी दोन दिवस या गावात लाकूड आणि शेणी उघड्यावर ठेवायच्या नसतात. कुणाची खाट जाते, कुणाचं फाटक जातं. पळवलेलं परत मागायचंही नसतं, मालकानं हसून सोडून द्यायचं. हे पोराबाळांना ठाऊक आहे. आम्ही एवढा ढीग विनाकुलपाच्या शेडमध्ये ठेवला होता. गणित शिकवते आणि एवढा साधा हिशेब केला नाही.

कुणी नेलं ते शोधायची गरज पडली नाही. शाळेपासून तालमीपुढच्या चौकापर्यंत रस्त्यावर भुशाची रेघ गेली होती.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, आता विसरा, तालमीशी भांडण नको. मुलींना आल्या पावली घरी पाठवा. मी पाठवलं. त्या गेल्या नाहीत. दुपारी चारला मी घरी निघाले तेव्हा नऊच्या नऊ तालमीच्या दिशेला चालल्या होत्या. त्यांच्यामागून जायचं नाही असं ठरवलं होतं. पण मुली एकट्या, सणाचा दिवस, काही झालं तर मीच जबाबदार, म्हणून गेले.

चौकात होळी रचून तयार होती. मधोमध एरंडाची फांदी आणि भोवती आमच्या शेणी, माझ्या डोक्याच्या वर. पंधरावीस पोरं हलग्या तापवत होती. पृथ्वीराज त्यांच्यात होता, आम्हाला बघून मागं सरकला. तालमीचे आकाराम वस्ताद कट्ट्यावर बसले होते. सत्तरीचे आहेत, कान कुस्तीनं मोडलेले.

संघप्रियानं सरळ सांगितलं की शेणी आमच्या आहेत. पोरं हसली. एकजण म्हणाला, होळीचं परत मागत्यात व्हय पावणं? दुसरा म्हणाला, पुढल्या साली कुलूप घाला. वस्तादही हसले. म्हणाले, "पोरी, आमी ह्याच चौकात पोलिसांची खुर्ची जाळलीय. न्हेलं ते ग्येलं. पोळी खायाला या."

तिनं वाद घातला नाही. पिशवीतून वही काढली आणि वाचायला लागली. मोठ्यानं नाही, वर्गात पाढे म्हणतात तसं. "रंगराव पाटील, सुनेनं दिल्या, पाच. आवाज मोठा होता. तानूबाई, लेकीनं दिल्या, पाच. भाकरी कडक लागायची."

पोरांना कळेना. एकानं हलगीवर थाप मारली, वस्तादांनी त्याला हातानं थांबवलं. म्हणाले, ही कुणाची नावं? ती म्हणाली, गेलेल्यांची. ह्या शेणी त्यांच्या नावानं स्मशानाला दिलेल्या हायत. तुमी त्या होळीला लावल्यात.

 होळीला हात लावून उभी असलेली दोन पोरं बाजूला झाली. कुणीतरी म्हणालं, आयला. मेलेल्याच्या नावाचं सणाच्या होळीत घालत नाहीत, हे तिथं कुणाला सांगावं लागलं नाही. बायका दारांत आल्या होत्या. ती वाचत राहिली. एका दारातली म्हातारी आपल्या मालकाचं नाव ऐकून म्हणाली, व्हय, म्याच दिल्यात, पृथ्या, तुझ्या आज्याच्या हायत त्या. पृथ्वीराज कुठं बघावं ते कळेना असा उभा होता.

मग ती थांबली. वही माझ्याकडे वळवली. "बाई, हितं नाव न्हाय. हे सोडू काय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सोड म्हणता आलं असतं.

मी म्हटलं, "गणपतराव चौगुले. माझे मालक. पाच."

आवाज नेहमीसारखाच आला असावा. मला मात्र तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. संघप्रियानं तिथंच गुडघ्यावर वही धरून कोऱ्या ओळीत नाव लिहिलं आणि विचारलं, "काय लिवू पुढं?" मी म्हटलं, रोज डायरी लिहायचे. तिनं तेही लिहिलं.

आकाराम वस्ताद कट्ट्यावरून उतरले. पोरांना म्हणाले, उतरवा. एकजण कुरकुरला, एवढ्याशा होळीवर आता काय भाजायचं, पापड? वस्ताद म्हणाले, भाज की, तुला तेवढाच पचतोय. मग पोरांनी साखळी करून शेणी उतरवल्या आणि परत शाळेत नेल्या. तालमीभोवतीच्या लोकांनी आपापल्या घरून पाच पाच आणून होळी पुन्हा रचली. माझ्या कमरेएवढी झाली. वस्ताद मला म्हणाले, "उद्या पोरं पाठवतो भरायला. तुमी हाईसा न्हवं संगं?"

मी म्हटलं, आहे.

सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं. 

आमच्याकडे यंदा सण नाही, पोळी नाही. आक्कांना सगळं सांगितलं. नाव घेतलं तेही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ताटातला भात चिवडत राहिल्या.

रविवार, ७ मार्च, धुळवड

सकाळी साडी नेसत होते. आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता अडवणार. म्हणाल्या, "जा. आणि आल्यावर मला सांग, कसं हाय तिथं. माझाबी भाऊ हुता. मला कुणीच सांगितलं न्हाय."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

धुळवडीला निम्मं गाव मटणाच्या दुकानापुढं रांगेत असतं. रस्ते मोकळे होते. ट्रॅक्टर पुढं आणि आम्ही मागं चालत. नऊ मुली, तीन मुलगे, तालमीतली सहा पोरं. पृथ्वीराज ट्रॉलीत शेणींवर बसला होता, घसरू नयेत म्हणून. घाटाचा रस्ता चांगला आहे. मागेच डांबरी केला असणार.

फाटकाशी मी थांबले. चपलेचा अंगठा सुटला होता, तो नीट करत होते. मुली आत गेल्या. संघप्रिया चार पावलं जाऊन परत आली, शेजारी उभी राहिली. मग मी आत गेले.

आक्कांना सांगायचं म्हणून नीट पाहून ठेवलं. जागा स्वच्छ आहे, पाण्यानं धुतलेली. वर पत्र्याचं छप्पर, खाली ओळीनं पाच लोखंडी चौथरे. एका कडेला शेणींची मोठी कोठी. पलीकडे नदी दिसते. कडुलिंबावर पोपट होते, बरेच. मला अंधार असेल असं वाटत होतं, का ते माहीत नाही. ऊन होतं.

तिथं कृष्णात नावाचे कामगार आहेत. चहा पीत होते. मुलींकडे बघून काही म्हणाले नाहीत. आम्ही शेणी आडव्या रचायला लागलो तेव्हा कप ठेवून उठले. "आडव्या न्हाईत, बाई. हुभ्या लावा, कडंवर. वारं खेळाय पायजे. न्हाईतर पावसाळ्यात ओल धरत्यात." मग स्वतः दोन ओळी लावून दाखवल्या. पवित्राचं रचणं त्यांना पसंत पडलं. तालमीतल्या पोरांचं नाही. म्हणाले, कुस्ती न्हाय ही, हळू.

काम चालू असताना मी त्यांना विचारलं की सप्टेंबरात, बारा तारखेला, संध्याकाळी एक आणले होते, उंच होते, ते कुठल्या चौथऱ्यावर. त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. "न्हाय सांगता यायचं बाई. लई येत्यात." थोड्या वेळानं म्हणाले, "पण पाऊस न्हवता त्या दिवशी. गणपती झालं की दोन दिवस उघडीप हुती. चांगलं झालं असणार."

मी मान हलवली. मला एवढंच हवं होतं असं वाटलं. तिसऱ्या चौथऱ्याला हात लावून पाहिला. गार होता. मग पाचही चौथऱ्यांना लावला.

साडेदहाला शववाहिका आली. उतरलेली माणसं सहाच, त्यांतली दोन म्हातारी. सणामुळं कुणाला बोलावता आलं नसावं. खांदा द्यायला कमी पडत होती. पृथ्वीराज आणि तालमीतले दोघं न सांगता पुढं झाले. कृष्णात मुलींना म्हणाले, पोरींनो, शेणी आणा हिकडं. मुलींनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. त्या हातोहात शेणी देऊ लागल्या, आत्ताच रचलेल्या ओळीतल्याच. कुणाच्या नावाच्या होत्या ते वहीतून कळणार नाही. संघप्रिया मोजत नव्हती.

मला फाटकाबाहेर एक बाई दिसली. चाळिशीची असेल. पदर तोंडावर, पायांत चपला नव्हत्या, फाटकाच्या गजाला धरून आत बघत होती. मी तिच्याकडे गेले. बोलायला जायचा माझा स्वभाव नाही. विचारलं, तुमचे कोण? म्हणाली, बा हाय माझा. मी एकलीच लेक.

तिची नजर मुलींवरून हलत नव्हती.

"त्या पोरी आत कशा काय गेल्यात?"

मी म्हटलं, त्या माझ्या शाळेतल्या आहेत.

 आत शेणींचा शेवटचा थर लागत होता. अग्नी अजून दिला नव्हता.

"बायकांनी आत आल्यालं चालतंय व्हय, बाई?"

"चालतं," मी म्हटलं. "मी आत्ताच आतून आले."

तिनं गज सोडला, पण पाऊल उचलेना. मी हात पुढं केला. तिनं तो घट्ट धरला, आणि आम्ही दोघी आत गेलो.